बांधकामाचे एस्टिमेट : वरखर्च आणि नफा कोणत्या ओळीत?

आमचा धंदा कापडाचा. विटा, वाळू, सिमेंट यांच्याशी आमचा संबंध आला तो गिऱ्हाईक म्हणूनच. तरीही आज या पानावर बांधकामाच्या हिशेबाविषयी चार गोष्टी लिहीत आहोत, कारण आपल्या बिरादरीत गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, प्लंबर, रंगारी यांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील बरेच जण दहा-पंधरा वर्षे रोजंदारी केल्यावर स्वतःच कामाचा ठेका घेऊ लागतात. हात चांगला असतो, माणूस इमानदार असतो, काम मिळतही राहते. आणि तीन-चार वर्षांनी पाहावे तर तोच माणूस पुन्हा दुसऱ्याच्या साइटवर थापी घेऊन उभा. असे का होते, हे आम्हाला एका कागदावरून समजले. त्या कागदाची हकीकत आधी सांगतो. तीत आमची काही शोभा नाही.

२०१३ साली मालेगावात आम्हाला कापडाच्या गाठी ठेवण्यासाठी गोदाम बांधायचे होते. एक हजार चौरस फूट, तळमजला, वर स्लॅब. मिस्त्री ओळखीचे होते. त्यांनी वहीच्या कागदावर एस्टिमेट लिहून आणले. सिमेंट इतक्या गोण्या, लोखंड इतके किलो, वाळू आणि खडी इतके ब्रास, विटा इतक्या हजार, गवंडी, बिगारी, सेंट्रिंगचे भाडे. खाली बेरीज आणि चौरस फुटाला ८२० रुपये भाव. आम्ही पडलो कापड बाजारातली माणसे. समोरच्याने भाव सांगितला की आमच्या तोंडून कमी आकडा आपोआप निघतो. आम्ही ७०० म्हटले. दोन वेळा चहा झाला, जुन्या ओळखीचे बोलणे झाले आणि ७४० वर सौदा पक्का झाला. "सेठ, परवडत तर नाही, पण घरचेच काम आहे," असे म्हणून मिस्त्रींनी मान डोलावली. हजार फुटांवर ८० हजार वाचवले म्हणून आम्ही त्या रात्री खुशीत होतो.

भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि वाळू अडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंजुरीविना होणारा वाळू उपसा देशभर थांबवला होता. वाळू मिळेना, मिळाली तर भाव असा की ऐकूनच माणूस खाली बसावा. मिस्त्री आज येतो, उद्या येतो करू लागले. चौकशी केली तेव्हा कळले की आमच्या दुसऱ्या हप्त्यातून त्यांनी आधीच्या कामावरच्या मजुरांचे थकलेले पैसे दिले होते, आणि आमच्या मजुरांचे पैसे पुढचे काम घेऊन द्यायचे असा बेत होता. पुढचे काम आलेच नाही. शेवटी त्यांनी आपला मिक्सर विकला, मजुरांचा हिशेब चुकता केला आणि नाशिकला एका ठेकेदाराकडे रोजावर गेले. स्लॅब दुसऱ्या मिस्त्रीने टाकला. ठरल्या रकमेपेक्षा आमचे एक लाख दहा हजार जास्त गेले, भाड्याच्या गोदामाचे तीन महिने वेगळेच.

राग शांत झाल्यावर एके दिवशी तो जुना कागद हाती आला, आणि कापडाचा पडता काढतो तसा आम्ही त्याचा हिशेब मांडला. पडता म्हणजे माल आपल्या घरात काय भावाने पडला ते. सिमेंट, लोखंड, वाळू, खडी, विटा आणि मजुरी मिळून साडेसातशेच्या घरात जात होती. म्हणजे ८२० मध्ये मिस्त्रींचे म्हणून जे काही होते ते ७० रुपये. त्यातच त्यांची चार महिन्यांची मेहनत, मिक्सरची झीज, मोटारसायकलचे पेट्रोल, नफा, सगळे. आणि आम्ही कापले होते ८०. त्यांच्या घरातल्या पोळीवर आणखी दहा रुपये आम्ही त्यांच्याच खिशातून काढले होते. त्यांनी ते कागदावर कुठेच लिहिले नव्हते, म्हणून आम्हाला दिसले नाही. दिसले असते तर कापले नसते असेही छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही, पण निदान कळले तरी असते.

तेव्हा एस्टिमेट लिहिणाऱ्या प्रत्येक बांधवाने हे पक्के समजून घ्यावे की बांधकामाची किंमत तीन थरांची असते. खाली थेट खर्च, म्हणजे त्या कामात जे साहित्य, जी मजुरी आणि जे भाड्याचे सामान लागते ते. वाया जाणारा माल, म्हणजे फुटलेल्या विटा, लोखंडाचे तुकडे, सांडलेली वाळू, हेही याच थरात धरावे. त्याच्या वर वरखर्च, जो कोणत्याही एका भिंतीत दिसत नाही पण ज्याच्याशिवाय एकही भिंत उभी राहत नाही. आणि सर्वांत वर नफा. आपले मिस्त्री पहिला थर उत्तम लिहितात. दुसरा लिहीतच नाहीत. तिसरा मनात असतो, आणि गिऱ्हाईकाने भाव कापला की मनातूनही जातो.

वरखर्चात सर्वांत मोठी रक्कम कोणती? मिस्त्रीची स्वतःची मजुरी. इथेच सगळी गडबड होते. "मी तर मालक आहे, जे उरेल ते माझे," असे म्हणतात. पण तोच माणूस दुसऱ्याच्या साइटवर गेला असता तर त्याला रोज मिळालाच असता. तो रोज म्हणजे खर्च आहे, नफा नव्हे. नफा त्यानंतर सुरू होतो, जोखीम उचलल्याबद्दल.

आता एक नमुन्याचा हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी आहेत, आपापल्या गावचे घालून घ्यावेत. समजा एका मिस्त्रीचा वर्षाचा वरखर्च असा आहे : स्वतःची मजुरी २ लाख ८० हजार, पेट्रोल आणि फोन ५६ हजार, मिक्सर आणि व्हायब्रेटरची दुरुस्ती व झीज ५० हजार, अडकलेल्या पैशांमुळे पडणारा भार ४० हजार, सेंट्रिंगच्या प्लेटा ठेवण्याच्या जागेचे भाडे ३६ हजार, हिशेब लिहिणाऱ्याचे १८ हजार. बेरीज ४ लाख ८० हजार. वर्षात तो ४० लाखांच्या थेट खर्चाची कामे करतो. ४ लाख ८० हजारांना ४० लाखांनी भागले की शेकडा १२ येतात. म्हणजे त्याने घेतलेल्या प्रत्येक कामाच्या थेट खर्चावर शेकडा १२ मिळवले, तरच वर्षाअखेर त्याचा वरखर्च वसूल होतो.

पण पाऊस लांबला, आजारपण आले किंवा कामच कमी मिळाले आणि वर्षात २४ लाखांचीच कामे झाली, तर? जागेचे भाडे तेवढेच, घरची चूल तेवढीच. झीज-पेट्रोल थोडे कमी होईल, पण फार नाही. मग तोच वरखर्च शेकडा २० वर जातो. म्हणून शेजारच्या ठेकेदाराने १० टक्के लावले म्हणून आपणही १० लावणे हे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालण्यासारखे आहे. आपला शेकडा आपल्याच वहीतून निघतो, आणि त्यासाठी वही ठेवावी लागते. साध्या शंभर पानी वहीत पेट्रोलपासून पंक्चरपर्यंत सगळे लिहीत गेले तर एका वर्षात आकडा हाती येतो.

आता काम १० लाखांच्या थेट खर्चाचे आहे असे धरू. १२ टक्के वरखर्च म्हणजे १ लाख २० हजार. झाले ११ लाख २० हजार. यावर १० टक्के नफा, म्हणजे १ लाख १२ हजार. एकूण १२ लाख ३२ हजार. नफा थेट खर्चावर नव्हे, वरखर्च मिळवल्यावर जी बेरीज येते तिच्यावर लावायचा, हे ध्यानात असावे. केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाची दर ठरवण्याची पद्धतही अशीच आहे : आधी वरखर्च मिळवतात आणि त्या बेरजेवर १० टक्के ठेकेदाराचा नफा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते मात्र आपल्या दर-विश्लेषणात नफा आणि वरखर्च मिळून एकदमच १५ टक्के धरते. सांगायचे असे की सरकारसुद्धा मानते, या दोन रकमांशिवाय काम होत नाही. सरकारी दरसूचीतला भाव पाहून "सरकारी भाव इतका, मग त्यावर माझा नफा वेगळा," असे समजणारेही आम्ही पाहिले आहेत आणि "सरकारी भावापेक्षा वीस टक्के खाली भरतो," असे म्हणणारेही. पहिल्याने समजून घ्यावे की त्या भावात नफा आधीच धरलेला आहे. दुसऱ्याने समजून घ्यावे की वीस टक्के खाली गेल्यावर तो काय खाणार आहे. फार खाली निविदा भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतात, ती काही उगाच नव्हे.

आता तो घासाघीस करण्याचा प्रसंग. १२ लाख ३२ हजारांचे एस्टिमेट पाहून गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, तुमचा नफा १० टक्के ना? तो सोडा, दहा टक्के कमी करा, ओळखीचे काम आहे." मिस्त्रीला वाटते, ठीक आहे, नफा गेला, पण खर्च तरी निघेल. निघत नाही. १२ लाख ३२ हजारांचे १० टक्के म्हणजे १ लाख २३ हजार २००. राहिले ११ लाख ८ हजार ८००. त्याचा खर्च आहे ११ लाख २० हजार. नफा तर गेलाच, वर ११ हजार २०० रुपये घरचे गेले. चढवलेले दहा टक्के लहान रकमेवर होते, उतरवलेले दहा टक्के मोठ्या रकमेवर. कापडवाल्यांना ही खोड लहानपणीच कळते. १०० च्या मालावर २० चढवून १२० लावले आणि ईदच्या सेलमध्ये २० टक्के सूट दिली तर हातात येतात ९६. विकलेल्या शंभर रुपयांत वीस आपले राहावेत असे वाटत असेल तर माल १२५ ला विकावा लागतो, १२० ला नव्हे. आमच्या दुकानात नवा मुलगा लागला की पहिल्या महिन्यात आम्ही त्याला हेच शिकवतो. मिस्त्रींना मात्र हे शिकवायला कोणी बसत नाही. उलट आमच्यासारखे त्याचा फायदा घेतात.

नुसत्या मजुरीवर काम घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. साहित्य मालकाचे आणि लेबर आपले, अशी कामे गावोगाव चालतात. वर धरलेल्या १० लाखांच्या कामात समजा मजुरी २ लाख ८० हजार आहे. तिच्यावर तेच १२ टक्के लावले तर वरखर्चाचे ३३ हजार ६०० मिळतील. काम मात्र तेच, तीन महिन्यांचे. वर्षाचा वरखर्च ४ लाख ८० हजार म्हणजे महिन्याला ४० हजार. तीन महिन्यांचे १ लाख २० हजार व्हायला हवेत. साहित्यात पैसा अडकत नाही म्हणून त्यातून थोडे कमी करा, तरी ३३ हजार आणि लाखाच्या आसपासची रक्कम यांत किती अंतर आहे ते पाहा. अशा कामात टक्केवारी विसरून महिन्याचा हिशेब धरावा. पॉवरलूमवर जॉबचे कापड विणून देणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सूत व्यापाऱ्याचे, मजुरी पिकावर पैशांत. वीजबिल आणि कारागिराचा पगार वजा केला की उरलेले आपले असे मानणाऱ्याला माग दुरुस्तीला आल्यावरच जाग येते.

महिन्याच्या हिशेबाचा दुसराही उपयोग आहे. मालकाने फरशी पसंत करायला एक महिना लावला, हप्ता द्यायला एक महिना लावला आणि तीन महिन्यांचे काम पाच महिन्यांवर गेले, तर दोन महिन्यांचे ८० हजार आणखी गेले. १ लाख १२ हजारांच्या नफ्यातून ८० हजार असे गुपचूप निघून जातात, कोणी हिसकावलेही नाहीत आणि कोणी दिलेही नाहीत. म्हणून मुदत आणि हप्त्याच्या तारखा कागदावर असाव्यात, आणि उशीर मालकाकडून झाला तर महिन्यामागे काय द्यायचे तेही आधीच लिहून घ्यावे. लिहून घेण्यात बेअदबी नाही.

भाववाढ आणि अचानक येणारा खर्च ही तिसरीच बाब आहे. तिला वरखर्चात किंवा नफ्यात मिसळू नये. पाया खणताना काळी माती खोल लागली, वाळूचा भाव उसळला, तर त्यासाठी वेगळी ओळ असावी, किंवा सरळ लिहावे की सिमेंट, लोखंड आणि वाळू यांचा आजचा भाव इतका धरला आहे, फरक पडल्यास वरचा-खालचा हिशेब मालकाकडे. आमच्या मिस्त्रींनी एवढी एक ओळ लिहिली असती तर २०१३ चा तो ऑगस्ट त्यांना मिक्सर विकायला लावू शकला नसता. जीएसटी लागू असेल तर तोही वेगळ्या ओळीत दाखवावा. तो सरकारचा पैसा आहे, हाताशी आहे म्हणून मजुरांच्या पगाराला वापरला की पुढे झोप जाते.

आता एक नाजूक गोष्ट. नफा उघड लिहायची लाज वाटते म्हणून काही जण तो साहित्यात लपवतात. चारशे गोण्या लागणार असतील तर साडेचारशे लिहितात. गिऱ्हाईकाने भाव फार खाली ओढला की मग त्या चारशेतल्याही गोण्या कमी होतात, लोखंड एक नंबर बारीक येते, सळयांमधले अंतर वाढते. जो नफा एस्टिमेटमध्ये लिहिला जात नाही तो अशा रीतीने स्लॅबमधून काढला जातो, आणि त्या स्लॅबखाली कोणाची तरी मुले झोपतात. याचा दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. नफा हा शब्द ऐकताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या गिऱ्हाईकाचाही त्यात वाटा आहे.

आमच्या जुन्या फिक्हच्या ग्रंथांत या प्रश्नावर फार बारकाईने लिहिले आहे. 'हिदाया'मध्ये मुराबहाचे, म्हणजे खरेदीची किंमत सांगून त्यावर नफा घेऊन विकण्याचे, जे प्रकरण आहे त्यात कोणता खर्च मूळ किमतीत मिळवता येतो याचा विचार आहे, आणि योगायोगाने उदाहरणे आमच्याच धंद्यातली आहेत. कापड धुणाऱ्याची, रंगाऱ्याची, नक्षी काढणाऱ्याची मजुरी मिळवता येते, माल वाहून आणण्याचे भाडेही येते. माल ठेवण्याच्या जागेचे भाडे मात्र मिळवत नाहीत. आणि मिळवल्यावर विक्रेत्याने माल मला इतक्याला पडला असे म्हणावे, इतक्याला घेतला असे म्हणू नये. मिस्त्रीचा ठेका हा मुराबहा नव्हे. तो काम बनवून देण्याचा करार आहे आणि आपला खर्च गिऱ्हाईकाला सांगण्याचे त्याच्यावर बंधन नाही. एकरकमी भाव सांगितला तरी चालतो, जागेचे भाडे त्या भावातून वसूल करण्यात काही गैर नाही. पण खर्च सांगायचाच ठरवला तर तो खरा सांगावा लागतो. "सेठ, मला यात काहीच उरत नाही," हे वाक्य आपल्या बाजारात सलामाइतके सहज बोलले जाते. ते खोटे असेल तर गुनाह आणि खरे असेल तर मूर्खपणा.

उर्दूत म्हण आहे, हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ. हिशेब जवाच्या दाण्यापर्यंत करावा, बक्षीस शेकड्याने द्यावे. नात्यातल्या माणसाला, मशिदीच्या कामाला, विधवेच्या घराला मिस्त्रीने सवलत जरूर द्यावी. पण पूर्ण एस्टिमेट लिहून, शेवटच्या ओळीत 'सवलत इतकी' अशी लिहावी. म्हणजे देणाऱ्याला कळते आपण काय दिले, आणि घेणाऱ्यालाही कळते. भाव कमी करायचा असेल तर काम कमी करावे : फरशी साधी, खिडकी एक कमी, बाहेरचे प्लास्टर पुढच्या वर्षी. तेच काम, तोच माल आणि भाव मात्र कमी, हे गणित जमत नाही.

गेल्या वर्षी गोदामात पोटमाळा टाकायचा ठरला. त्या मिस्त्रींचा मुलगा आता स्वतः कामे घेतो, हे ऐकून होतो. निरोप पाठवला, तो आला. वडील घरीच असतात, गुडघे गेले आहेत, असे म्हणाला. दोन दिवसांनी त्याने टाइप केलेले एस्टिमेट आणून दिले. साहित्य, मजुरी, भाडे. मग 'वरखर्च १४ टक्के', मग 'नफा १० टक्के', मग वाळू-लोखंडाच्या भावाची अट. आम्ही सवयीने पेन उचलले आणि वरखर्चाच्या ओळीवर ठेवले.

"चाचा, यातली निम्मी माझी रोजंदारी आहे," तो म्हणाला. "अब्बांनी सांगितले, ही ओळ दाखवल्याशिवाय तुमच्याकडून चहाही घ्यायचा नाही."

आम्ही पेन खाली ठेवले आणि फक्त अनामत रकमेवर बोललो. शेकडा ५ रक्कम वर्षभर मागे ठेवायची असे आमचे म्हणणे होते. एवढे पैसे वर्षभर अडकले तर पुढच्या वेळी १४ चे १५ लिहावे लागतील, असे त्याने समजावून सांगितले. एक पावसाळा पाहून, गळती नसेल तर ऑक्टोबरमध्ये द्यायचे, असे ठरले. ऑक्टोबरात तो आला, वर चढून कोपरे पाहिले, भिंतीला हात लावून पाहिला आणि पैसे घेऊन गेला. जाताना वडिलांसाठी आम्ही एक शाल दिली. तिची किंमत त्याने विचारली नाही आणि आम्हीही सांगितली नाही.